भाडेकरू आहेत, जातील

आमच्या इमारतीत बातमी पसरली की एजंटाने राहतं घर गुपचूप विकलं, आता बायकोला तिच्या बहिणीकडे टाकून हा मोकळा. बातमी मी पसरवली नाही, फक्त जिन्यात चारचौघांना "खरं का हो?" एवढंच विचारलं. म्हणून दुरुस्तीही मीच करतो. बायकोला तो कुठेही टाकत नव्हता. घर त्याच्याच हातून विकलं गेलं हे खरं, पण ते त्याचं कधी नव्हतंच. जन्मभर लोकांना घरं मिळवून देणारा हा माणूस माझ्या शेजारी भाड्याने राहत होता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

त्याला सगळे एजंटच म्हणत. बायकोसुद्धा लाडात आली की "अहो एजंट!" एकदा फिरकी घ्यावी म्हणून मी शब्दकोश उघडला.

"एजंटसाहेब, तुमचा शब्द निघाला लॅटिनमधून. मुळात हाकणं, मग करणं. संस्कृतातला 'अज्' धातू त्याचाच भाऊ. म्हणजे मूळचे तुम्ही गुराखी!"

"आणि आता?"

"आता दुसऱ्याच्या वतीने करणारा. विमावाला, हेर, सगळे तुमचे भाऊबंद. डाग काढणाऱ्या रसायनालाही इंग्रजीत एजंटच म्हणतात."

"त्याचं बरंय," तो किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकत म्हणाला, "आमच्यातले बरेच डाग लपवतात."

तो लपवत नसे. गिऱ्हाइकाला आधी ओल दाखवायची, खिडकी नंतर. धंदा बेताचाच चालायचा, त्याचं कारणही हेच.

मग मालकाने घर विकायला काढलं आणि गिऱ्हाईक आणायचं काम दिलं ते यालाच. यानेही घेतलं. मी कपाळावर हात मारला. "अहो, आपल्याच पायावर धोंडा?"

"दुसरा एजंट वेळी-अवेळी दार वाजवेल. मी असलो तर हिची झोप झाल्यावर माणसं आणीन."

वहिनींची नजर गेली होती. पण त्या घरात त्यांचा हात बरोबर दुधाच्या पातेल्यावर पडायचा, मोरीच्या उंबऱ्याला पाय कधी अडखळायचा नाही. मी साखर मागायला गेलो की डबा हातात ठेवून म्हणायच्या, "कालचीच वाटी आणलीत ना? हिला चीर आहे." इथे त्या आंधळ्या नव्हत्या. नव्या घरात होणार होत्या.

"ओल जरा रंगवून सांगा," मी सुचवलं. "गिऱ्हाईक पळेल."



एक जोडपं आलं तेव्हा मी वाटी घेऊन हजर होतोच. त्याने ओल दाखवली, आहे तेवढीच. मग खिडकी उघडली. ऊन थेट वहिनींच्या खुर्चीपर्यंत आलं. जोडप्यातल्या बाईने हळूच विचारलं, "या कोण?"

एजंट क्षणभर किल्ल्यांशी खेळला. "भाडेकरू आहेत. जातील."

"हो," वहिनी खुर्चीतूनच म्हणाल्या, "आणि त्यांचे यजमानही जातील. दाराची कडी घट्ट आहे हं, उचलून लावा."

मला हसू आलं. बाकी कुणाला आलं नाही, म्हणून मी ते गिळलं आणि साखर न घेताच परतलो.

घर त्याच जोडप्याने घेतलं. सामान निघालं त्या सकाळी वहिनी रिकाम्या स्वयंपाकघरात भिंतीवरून हात फिरवत उभ्या होत्या. एजंट कपाट सरकवायला बघत होता, ते हलेना. मला राहवलं नाही.

"आयुष्यभर लोकांच्या वतीने बोललात. मालकाला एकदा सांगायचं तरी, की हिला दिसत नाही, आम्हाला राहू द्या!"

तो कपाटाला टेकून दम खात म्हणाला, "त्याच्या वतीने मी होतो. माझ्या वतीने कोण होतं? भिंतीला भिंत लागून राहता, तुम्ही सांगितलंत? नाही ना? मग आता बोलू नका, कपाटाचं ते टोक धरा."