बियाण्याचा नारळ कुणी निवडायचा?

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी तारकर्लीला पहिल्यांदा गेलो, तो नारळासाठी. पुण्यातल्या एका साप्ताहिकाला माडांवर लेख हवा होता. कोल्हापूरहून एस.टी.नं फोंडाघाट उतरलो, कसालला गाडी बदलली, मालवणात बांगड्याचं तिखलं आणि भाकरी खाल्ली आणि पुढे वाळूतून पायी निघालो. आता डांबरी सडक आहे. तरी शेवटचा टप्पा पायीच करा, माडांखाली ऊन लागत नाही.

उतरलो तात्यांकडे. ते काथ्याचा सुंभ वळून विकत. बाग आणि घर पाहायच्या त्यांच्या पत्नी, शेवंताकाकू. खाडीनं निम्मी बाग गिळली होती. उरलेल्या जागेत मोजकेच नवे माड बसणार होते आणि लावलेल्या माडाला फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात. बियाणं चुकलं, की तेवढी वर्षं पाण्यात.

सकाळी घड दोरानं अलगद खाली उतरवले. बियाण्याचा नारळ आपटून चालत नाही. अंगणात बियाण्यासाठी दोन ढीग पडले, एक तात्यांनी निवडलेला, एक काकूंनी, आणि भांडण सुरू झालं.

“सोडाण बगा केवढा ता! आत खोबरा किती?” तात्यांच्या ढिगातला जाड सालीचा नारळ उचलून काकू म्हणाल्या. “पावण्यांका काय कालवणात सुंभ वाडू?”

“सुंभ नाय तर लोक होडी कशान बांदतले गो? तुझ्या सोलकढीन?”

पडवीच्या कोपऱ्यात एक लांबट, तीन धारांचा नारळ पडला होता. तात्यांनी तो माझ्या हातात दिला. “ह्यो दर्यान हाडून टाकलो.”

समुद्रातून वाहत आलेला तो नारळ म्हणजे जवळजवळ सगळं सोडणच, काथ्याची जाड साल. आत मुठीएवढं फळ. समुद्राला तरंगणारा नारळ हवा, म्हणून त्यानं सोडण राखलं. काकूंच्या ढिगातले नारळ वाटोळे, पाण्यानं जड. ते माणसानं राखलेले. मी एका हातात हा आणि दुसऱ्या हातात तो धरून तोलून पाहिला.

शेवटी एक ओळ तात्यांची, एक काकूंची, असं ठरलं.

साठच्या दशकात, नवे माड धरल्याचं कळलं तेव्हा मुद्दाम पुन्हा गेलो. एकाच घडातल्या नारळांचे माड, पण एकाचं फळ दुसऱ्यासारखं नव्हतं. वाऱ्यानं आणि माश्यांनी दोन्ही ओळींच्या आयांची सोयरीक कुठल्या कुठल्या माडांशी जुळवली होती. त्यात एक माड असा निघाला, की सोडण भरपूर आणि खोबरंही बोटभर जाड.

“सोडाण माझ्यावर गेला,” तात्या म्हणाले.

“आणि पोट माझ्यावर,” काकू म्हणाल्या. पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालेलं मी पाहिलं.

निघताना काकूंनी पिशवीत नारळ घातले, शेजारच्या माडाचे. पुण्याला एक फोडला. गोड होता. पण दोघांवर गेलेल्या त्या माडाचा एकही त्यांनी मला दिला नव्हता, स्वतःही चाखून बघायला फोडला तेवढाच. बाकीचे सगळे बियाणं म्हणून मातीत गेले. आपण इतके नारळ खातो, ते कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यात चांगला नारळ न खाता ठेवला म्हणून.