वरच्या घराचा कागद

वकिलांच्या कंपनीने होल्डवर ठेवलेल्या फोनमधलं पियानोचं तेच ते गाणं तेराव्यांदा सुरू झालं आणि ग्लेनिस बॅराक्लफला वाटलं, आता हा फोन उचलून भिंतीवर आपटावा. पण आपटणार कसा? सगळा जीव त्या फोनलाच टांगलेला होता. आज मंगळवार. शुक्रवारी पाचच्या आत करार झाला नाही तर बैठं घर हातचं जाणार होतं, आणि बैठं घर गेलं की क्लिफ गेला.

क्लिफ म्हणजे क्लिफर्ड, तिचा नवरा. थॉर्नरॉइडच्या खोऱ्यात चौतीस वर्षं बस चालवली त्याने. एप्रिलमध्ये सकाळी बूट घालता घालता एका बाजूला कलंडला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. सगळे शब्द गेले आणि एकच मागे राहिला, "च्यायला." नर्सने उशी नीट केली तरी च्यायला, सूप थंड असलं तरी च्यायला, ग्लेनिस वॉर्डच्या दारात दिसली तरी च्यायला. प्रत्येक च्यायलाचा सूर वेगळा होता आणि ग्लेनिसला ते सगळे कळायचे. शाळेच्या जेवणघरात एकतीस वर्षं पोरांना बटाटे वाढताना कुणाला खरंच भूक आहे आणि कोण नाटक करतंय ते ती तोंड बघून सांगायची, तसंच.

घरी जिना होता. उभा, अरुंद, चौदा पायऱ्यांचा. झोपायची खोली वर, न्हाणीघर वर. म्हणून घर विकायचं आणि सपाटीवरच्या आळीतलं ते बैठं घर घ्यायचं ठरलं. दोन्ही सौदे ठरले जुलैमध्ये. पण ठरले म्हणजे काय, या देशात दोन्हीकडच्या वकिलांनी फोनवर करार पक्का करेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. कुणीही कधीही उठून चालू लागू शकतो.

"हॅलो मिसेस बॅराक्लफ, मी केली-ॲन. आज मी तुमची काय मदत करू?"

"काल जॉर्डन होता."

"जॉर्डन दुसऱ्या टीममध्ये गेला."

"शुक्रवारी ती प्रिसिला होती. अहो, माझं घर विकायचंय, मी काय तुमच्याकडे लोकांची ओळख करून घ्यायला फोन करते का?"

केली-ॲन गोड हसली. मग कीबोर्डची टकटक. "तुमच्या घराखाली दुसऱ्या कुणाचं तरी घर आहे असं दिसतंय."

"हो. स्टॅनचं."

"म्हणजे तळघर."

"तळघर कसलं! घर आहे त्याचं. त्याचं दार खालच्या रस्त्यावर, माझं वरच्या रस्त्यावर. इथे डोंगर आहे बाई, घरं एकमेकांच्या डोक्यावर बांधलीयेत. सगळं गाव असंच आहे."

"तर खरेदीदाराच्या बँकेला लेखी हवंय की खालचा मालक तुमच्या घराला आधार देईल आणि तुम्ही त्याच्यावर छप्पर राखाल."

"खालचं घर एकशे तीस वर्षं देतंच आहे की आधार! नाहीतर मी आत्ता खालच्या रस्त्यात पडून बोलत असते."

केली-ॲनला हसू आलं नाही. असा कागद नोंदणीत दिसत नाही, म्हणाली. नवा करावा लागेल, दोन्हीकडून वकील लागतील, साधारण सहा आठवडे.

"सहा आठवडे नाहीयेत माझ्याकडे. सहा दिवससुद्धा नाहीयेत गं."

"मी तुमची अडचण पुढे कळवते," केली-ॲन म्हणाली, आणि पियानो पुन्हा सुरू.

ही फोनवरची वकील कंपनी ग्लेनिसनेच निवडली होती, कुणी गळ्यात मारली नव्हती. घराची दलालीण म्हणाली होती, सगळं फोनवर होतं, कुठे जायला नको, आमच्या ओळखीचे आहेत, पटकन करतात. आणि ग्लेनिस पटकन हो म्हणाली. कारण गावात घराचे कागद करणारी वकील एकच, चौकातली एनिड लम, आणि एनिड लमची पायरी चढायची नाही ही क्लिफची शपथ होती. बावीस वर्षांपूर्वी क्लिफच्या आईने मृत्युपत्रात घर धाकट्या मुलाला, नॉर्मनला दिलं. लिहिणारी एनिड. त्या दिवसापासून क्लिफ चौकातून बस काढायचा तेव्हा एनिडच्या खिडकीकडे बघायचासुद्धा नाही, मान सरळ, उतारू गंमत बघायचे. नवऱ्याचा राग ग्लेनिसनेही बावीस वर्षं सांभाळला, लग्नातल्या चांगल्या डिनर सेटसारखा, कधी न वापरता.

ती गल्लीच्या पायऱ्या उतरून खाली स्टॅन होरॉक्सकडे गेली. स्टॅन टेबलावर जुना रेडिओ उघडून बसला होता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि न विचारता किटली लावली.

"कागद?" सगळं ऐकून तो म्हणाला. "आहे की. घरांच्या सगळ्या ओळीचा एकच आहे. गिरणीवाल्याने घरं विकली तेव्हाचा. माझ्या बापाने दाखवला होता मला."

ग्लेनिस खुर्चीतून उठलीच. "कुठंय?"

स्टॅनने कपात साखर घातली. ढवळली. "एनिड लमच्या तिजोरीत."

ग्लेनिस पुन्हा खाली बसली.

"तिच्याकडे नाही जाणार मी."

"मग मी काय करू? छताला खांदा लावून उभा राहतो आणि बँकेला फोटो पाठवतो?"

"स्टॅन, क्लिफ तिकडे पडलाय. बोलता येत नाही त्याला. त्याच्या पाठीमागे मी त्या बाईकडे जाऊ?"

"त्याच्या पाठीमागे काय आणि पुढे काय," स्टॅन म्हणाला. "तुला तो घरी हवाय का नकोय, तेवढं बोल."

बुधवारी सकाळी ती वॉर्डात गेली तेव्हा सोशल वर्कर बाई क्लिफच्या पलंगापाशीच उभी होती. चांगली होती बिचारी, पण तिच्या हातात फॉर्म होता. सोमवारी हा पलंग रिकामा हवा. जिन्याच्या घरी याला पाठवता येत नाही. सपाटीवरच्या घराची पक्की तारीख लेखी आणलीत तर मी इथल्याच छोट्या हॉस्पिटलात तोवर जागा धरते. नाहीतर समुद्राकडच्या नर्सिंग होममध्ये, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात, एक जागा आहे. दोन बस आणि एक ट्रेन.

"तात्पुरतं हो," ती म्हणाली.

तात्पुरतं! ग्लेनिसची आई अशीच तात्पुरती गेली होती. चार वर्षं होती तिथे, आणि मग नव्हतीच.

क्लिफ तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने त्याचं तोंड पुसलं, केस सारखे केले. एनिडचं नाव जिभेवर आलं, दातांपर्यंत आलं, आणि तिने ते गिळलं. विचारलं आणि तो नाही म्हणाला तर? त्याला तर नाहीसुद्धा म्हणता येत नव्हतं. मग हे कसलं विचारणं झालं? तिला एकदम इतकं रडू आलं की ती फुलदाणीचं पाणी बदलायच्या निमित्ताने बाहेर गेली आणि तिथल्या मोरीपाशी हमसून हमसून रडली. फुलदाणीत फुलं नव्हतीच.

तिथूनच ती बसने चौकात आली. एनिड लमचं ऑफिस चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावर होतं. ती कठडा धरून जिना चढली. वर दार उघडंच. एनिड सत्तरीची, बारीक, कार्डिगनच्या बाहीत रुमाल खोचलेला.

"ये," एनिड म्हणाली. "बावीस वर्षं लागली गं तुला एवढा जिना चढायला."

"क्लिफचा शब्द होता."

"माहितीय. रोज सव्वादहाला त्याची मान बघत होते मी." तिने खुर्ची पुढे केली. "त्याच्या आईने सांगितलं ते मी लिहिलं. माझ्या मनातलं लिहायला ते काय माझं पोस्टकार्ड होतं? बस आता. काय अडलंय?"

ग्लेनिसने सांगायला सुरुवात केली आणि अर्धं बोलून होईपर्यंत एनिड उठून तिजोरीच्या खोलीत गेलेली होती. तिथून आवाज आला, "वरची अकरा घरं, खालची अकरा. त्या पोरींना एवढं पण ठाऊक नाही? कुठे बसतात त्या?"

"कोण जाणे. पियानो आहे तिथे."

एनिड एक जाड, पिवळा, चार घड्या घातलेला कागद घेऊन आली आणि तो टेबलभर पसरला. बोट ठेवून वाचायला लागली. वरच्याने छप्पर राखावं, खालच्याने पाया राखावा, आणि कुणी कुणाला उघड्यावर टाकू नये.

ग्लेनिसने तोंडावर हात दाबला.

"रडायचं शुक्रवारी," एनिड म्हणाली. "आज पासपोर्ट आण आणि गॅसचं बिल आण."

"एनिड, तू मला शाळेपासून ओळखतेस!"

"मी ओळखते. कायदा नाही ओळखत. पळ."

मग जे सुरू झालं ते ग्लेनिसला नीट आठवतसुद्धा नाही. त्या फोनवाल्यांना सोडल्याचं पत्र, त्यावर सही. फाइल द्यायला पाच दिवस लागतील म्हणाले, तर एनिडने समोरच्या पक्षांच्या वकिलांकडूनच सगळ्या प्रती मागवल्या. बैठ्या घराची तिला काळजी नव्हती, ते घर तिच्या हातून आधी दोनदा विकलं गेलं होतं, त्याच्या कुंपणाचं भांडणसुद्धा तिला पाठ होतं. खरेदीदाराचा वकील लंडनचा. एनिडने त्याला जुन्या कागदाची नक्कल पाठवली आणि वर फोन करून समजावलं, "अहो, आमच्याकडे घराखाली घर नसेल तर लोक घाबरतात." गुरुवारी त्याला पटलं. पण खरेदीदाराच्या बँकेला पटायचं होतं. शुक्रवारी दुपारचे दोन झाले, तीन झाले, बँक गप्पच.

सव्वातीनला दलालिणीचा फोन. बैठ्या घराच्या मालकांकडे दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, पाचनंतर ते थांबणार नाहीत.

ग्लेनिसने फोन खाली ठेवला आणि ती एनिडच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. खालून बस गेली. याच खिडकीकडे क्लिफ बघायचा नाही. तिला वाटलं, आपण शपथ मोडली ती मोडली आणि वर हातात काहीच नाही. त्या जुलैमध्येच हा जिना चढले असते तर? आठ आठवडे, आख्खे आठ आठवडे वाया घालवले मी, एका रागापायी, तोही माझा नव्हे. सोमवारी त्याला गाडीत घालतील, तो माझ्याकडे बघेल, आणि त्याला कळणारसुद्धा नाही की कुठे चाललोय. तिने काचेला कपाळ टेकवलं.

चार वाजून एकतीस मिनिटांनी लंडनचा फोन आला. बँकेचा होकार.

एनिड ताठ बसली. लंडनच्या वकिलाने आपल्या बाजूचा होकार तिच्या हाती सोडला, पाचपर्यंत; तेवढ्यात दोन्ही करार पक्के व्हायला हवे होते. आता तिने बैठ्या घराच्या वकिलाला फोन लावायचा, दोघांनी वेळ बोलायची, लिहायची, झालं. तो वकील हॅरल्ड पिकल्स, चौकाच्या पलीकडेच ऑफिस. एनिडने फोन लावला. वाजला, वाजला, वाजला.

"उचलत नाहीये," एनिड म्हणाली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "शुक्रवार आहे. ऊन आहे. ग्लेनिस, तो गवतावर गोळे घरंगळवायला बोलिंगच्या मैदानावर गेलाय!"

ग्लेनिसचे गुडघे गेली दहा वर्षं दुखतात. जिना उतरायला तिला एरवी दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी ती कशी उतरली ते चावीवाल्यालाच ठाऊक. चौक, चर्चच्या मागची गल्ली, मग चढ. कोट उघडा, श्वास लागलेला. मैदानावर पांढऱ्या टोप्या घातलेले म्हातारे गवतावरून काळे गोळे सोडत होते. ती सरळ आत घुसली, त्या कात्रीने कापल्यासारख्या गवतावर, बाहेरच्या बुटांनी.

"ए बाई! बूट!" कुणीतरी किंचाळलं.

"हॅरल्ड पिकल्स!" ती ओरडली, जेवणघरात ओरडायची तशी, आणि सगळे म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे जागच्या जागी थिजले. "ठेव तो गोळा खाली!"

"अगं, माझी पाळी आहे..."

"माझा नवरा समुद्राकडे चाललाय! ठेव!"

हॅरल्डने ठेवला. गोळा उतारावरून आपला आपण गडगडत गेला. हॅरल्ड टोपीसकट तिच्यामागे निघाला, आणि त्याला कुलूप उघडायला लागला तेवढा वेळ ती त्याच्या दाराला धरून उभी राहिली, हलायला तयार नाही. आत एनिडचा फोन एकदाच वाजला आणि त्याने उचलला. हॅरल्डने फाइल उघडली, चष्मा शोधला, तो टोपीवर होता.

"हो, एनिड. आहे माझ्यापुढे. ताबा चौदा ऑक्टोबर. हो." त्याने घड्याळ बघितलं. "चार अठ्ठावन्न. झाला."

फक्त एवढंच. झाला. ग्लेनिस त्याच्या पायपुसण्यावर मटकन बसली.

एनिडने तारखेचं पत्र टाइप केलं, सही केली, पाकिटात घातलं. ग्लेनिस सहाच्या बसने वॉर्डात पोचली, पत्र नर्सच्या हातात दिलं, दोनदा वाचून घेतलं तिच्याकडून. मग क्लिफजवळ बसली.

"चौदा ऑक्टोबर," ती म्हणाली. "घरी. एकही पायरी नाही."

"च्यायला!" हा आनंदाचा होता.

"ऐक पुढे." तिने त्याचा चांगला हात धरला. "त्या फोनवाल्यांनी नाही केलं. मी एनिड लमकडे गेले होते."

क्लिफने हात तिच्या हातातून काढून घेतला. मान खिडकीकडे फिरवली आणि तशीच सरळ धरली, चौकातून बस काढताना धरायचा तशी. ग्लेनिस बसून राहिली. सफाई करणारी येऊन गेली. चहाची गाडी आली, चहाचा कप आणि त्याच्या बशीत दोन बिस्किटं ठेवून गेली.

"च्यायला," क्लिफ हळूच म्हणाला, खिडकीकडे बघतच.

हा सूर तिने कधीच ऐकला नव्हता. त्यात राग किती आणि बाकीचं किती, तिला काही कळेना. मग त्याने डाव्या हाताने बशी तिच्याकडे ढकलली, तिरकी, चहा सांडत. ग्लेनिसने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. तिने एक बिस्किट उचललं.