शालूखालची सीट

हिंमतराव भोईटे फौजेत सॅडलर होते, म्हणजे घोड्यांची खोगिरं शिवणारे. पेन्शन घेऊन साताऱ्याला परतायचं सोडून माणूस दिल्ली कॅन्टच्या बाहेर, गुडगाव रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये सुई घेऊन बसला. पंच्याण्णव साल. पेपरवाले लिहीत होते, देश खुला झाला. त्या रस्त्यावर काय खुलं झालं? रोज नवी गाडी यायची आणि मालक म्हणायचा, सीटवर रेक्झिन चढवा. हिंमतराव चढवायचे आणि शिव्या घालायचे. "मेलेलं कापड आहे हे. ना वास, ना जीव."

म्हणून श्यामकांत प्रधानांची गाडी आली तेव्हा म्हातारा ताडकन उठला. विलायती, दोन सीटची, टप उघडणारी. प्रधानांच्या वडिलांनी साठ साली घेतलेली. आत अस्सल लाल चामडं, उन्हानं तडकलेलं. प्रधान आता गुडगावच्या नव्या सेक्टरात बंगलेवाले.

"रविवारी माझ्या मुलीचं, सलोनीचं लग्न. हॉलमधून जोडपं याच गाडीतून बंगल्यावर येणार. ती तिच्या आईचा शालू नेसणार आहे. आणि चामडं बदलायचं नाही हं, वडिलांचं आहे."

"बदलतो कशाला? तेल पाजतो त्याला."

आणि पाजलं. पलटणीत शिकवलं होतं तसं: उन्हात ठेवायचं, कोमट तेल चोळायचं, चामडं पुरे म्हणेपर्यंत हात थांबवायचा नाही. आधी डावी, नवरीची सीट मऊ झाली, भेगा मिटल्या. हिंमतरावांनी शेजारच्या चहावाल्यालाही ओढून आणून दाखवली. मग पार्वतीबाई, त्यांची बायको, डबा घेऊन आल्या आणि जरा त्या सीटवर टेकल्या. उठल्या तेव्हा पातळावर मागे तेलाचा डाग, ताटाएवढा.

"अहो! घोड्यावर कुणी शालू नेसून बसतं का?"

हिंमतरावांनी सीटवर तळवा दाबून पाहिला. खोगिराखाली घोंगडी असते, वर बसणाऱ्याची जाड खाकी विजार. जास्तीचं तेल जातं कुठं, हे सगळ्या नोकरीत कुणी विचारलं नव्हतं. इथं ते आतल्या गादीत मुरलं होतं आणि ऊन लागलं की वर येत होतं.

मुलतानी मातीचा लेप दिला. वाळवला, झटकला, पुन्हा दिला. माती तेल ओढून काळपट व्हायची. मग जुनं पांढरं धोतर अंथरून ते स्वतः उन्हात बसायचे, उठून धोतर उजेडात धरायचे. जेवण सुटलं. पार्वतीबाई काही विचारायला गेल्या की नुसता हात वर. शनिवारी सकाळीही डाग होताच. फिका, पण डाग.

मी रस्त्याकडेच्या कारागिरांच्या संघटनेच्या कामाला तिथं गेलो होतो. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "वर चादर टाका आणि द्या गाडी. बड्या लोकांच्या साडीसाठी तुम्ही का झुरताय?"

"तुझं भाषण पुरे. चादरही भिजेल. आणि शालू धुता येत नाही."

तसेच सायकल काढून बंगल्यावर गेले. मीही मागोमाग. मांडव चढत होता. प्रधानांनी ऐकलं आणि भडकले.

"फौजी माणूस, आपला मराठी, म्हणून गाडी दिली ना तुम्हाला? एक सीट, यार! उद्या लग्न आहे!"

हिंमतराव सावधानमध्ये उभे. मला तोंड उघडायचं होतं, त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. मेंदीचे हात हवेत धरून सलोनी बाहेर आली.

"काका, दुसरी सीट?"

"तिला हात नाही लावला अजून. कोरडी ठणठणीत. पण तडकलेली आहे, टोचेल."

"टोचू दे. गाडी मी चालवते. तेलात नवरदेव बसेल, वेदांत."

"नवरी गाडी चालवणार?" प्रधान ओरडले. "लोक काय म्हणतील?"

"बाबा, आईचा शालू वाचवायचाय की लोक?"

रविवारी दुपारी हिंमतराव बंगल्याच्या फाटकाशी उभे, सायकलचं हँडल घट्ट धरून. आता वेगळीच भीती: तडकलेल्या चामड्याचं टोक जरीत अडकलं तर? गाडी आली. सलोनी उतरली. हिंमतरावांची नजर शालूवरून खाली, वर, पुन्हा खाली. कुठं ओरखडा नाही. मग वेदांत उतरला, वळला, आणि मागच्या बायका फिस्सकन हसल्या. रेशमी कुर्त्यावर गडद गोल.

हिंमतराव सरळ प्रधानांपुढे गेले. "सोमवारी गाडी पाठवा साहेब. सीट उसवून आतली गादी बदलतो. चामडं तेच राहील."

प्रधानांनी जावयाच्या पाठीकडे बोट दाखवलं.

"पाठवतो. आणि तो कुर्ताही पाठवतो. तुम्हीच धुवा."