गॅरंटी कुणाची?

ओमानमधल्या बरक्यात मी ज्या दुकानात विक्रीला होतो, तिथं युरोपातून आलेली यंत्रं मिळायची. प्रत्येक खोक्यात गॅरंटीचं एक जाडजूड पुस्तक असे, आठ-दहा भाषांतलं. ते कुणी वाचत नसे. मीही नाही, आणि तरी स्वतःला मोठा जाणकार समजायचो.

शेजारच्या गल्लीत रत्नागिरीकडचे एक चाचा दिशदाशा शिवत. इथले पुरुष घालतात तो पायघोळ झगा. मी चिपळूणचा, म्हणून त्यांचा माझ्यावर जीव. कापडाच्या कडा बांधणारं ओव्हरलॉक मशीन त्यांनी आमच्याकडूनच घेतलं. तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली, "गॅरंटी किती?"

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर दोन वर्षं दिसली. "दोन वर्षं, चाचा. बिनधास्त न्या," मी ठोकून दिलं.

चौदाव्या महिन्यात, ईद तोंडावर असताना, ते मशीन बंद पडलं. खालचा दोरा ओढणारा आकडा तुटला होता. चाचांच्या दुकानात ईदच्या कपड्यांचा ढीग, आणि सगळ्यांना ईदच्या आधी देण्याचा शब्द दिलेला. ते मशीन उचलूनच घेऊन आले. मी पुस्तक काढलं आणि पहिल्यांदाच शेवटच्या पानापर्यंत वाचलं. दोन वर्षं युरोपातल्या ग्राहकाला. बाकीच्या जगाला एक.

तिथंच चूक कबूल करायला हवी होती. त्याऐवजी मी वकिली सुरू केली. "कसं आहे चाचा, गॅरंटी वेगळी आणि वॉरंटी वेगळी." आपल्याकडे दोन्हीला गॅरंटीच म्हणतात, हे काय मला ठाऊक नव्हतं?

चाचांनी आवाजही चढवला नाही. "मी मशीनला नव्हतं विचारलं," ते म्हणाले. "तुला विचारलेलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच उठून आत अर्बाबकडे गेलो. आमचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, आमच्याशी त्याच्या खास हिंदीत बोलायचा.

"किताब क्या बोलता?" त्यानं विचारलं.

"एक साल."

"तुम क्या बोला?"

"दो साल."

"तो दो साल. खलास." आणि तो पुन्हा आपल्या कहव्याच्या, म्हणजे अरबी कॉफीच्या, कपाकडे वळला. मला ओरडलासुद्धा नाही, याचंच जास्त लागलं.

शोरूममधलं नवं मशीन खोलून त्याचा आकडा चाचांच्या मशीनला बसवला. दुपारपर्यंत ते पुन्हा खडखडायला लागलं. तो आवाज मी कितीतरी वेळ उगाच ऐकत उभा राहिलो.

ईदनंतर कंपनीचा एक इटालियन माणूस आम्हाला शिकवायला आला. मी त्या दोन वर्षांचं विचारलं, तर गडी खुलला. म्हणाला, आमच्या युरोपात देशागणिक कायदे वेगळे. ते जुळवता जुळवता लोकांची उमर गेली, अजूनही चाललंय. पण एवढं ठरलंय की आमच्यातल्या कुठल्याही देशात घेतलं तरी किमान दोन वर्षं जबाबदारी विकणाऱ्याची, आणि तो जे सांगून विकतो, तसाच माल असला पाहिजे. मला हसू आवरेना. आमच्या अर्बाबनं तो कायदा कहवा निवायच्या आत मंजूर केला होता.

पुढच्या वर्षी चाचा इस्त्री घ्यायला आले. मी पुस्तक पुढं केलं, तर त्यांनी ते न उघडताच माझ्याकडे सरकवलं.

"हे तुझ्याकडे ठेव. तू सांग."

एवढं सगळं झाल्यावरही ते मलाच विचारत होते. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. चाचा स्टुलावर बसून राहिले, घाई केली नाही. शेवटचं पान संपवून मी मान वर केली.

"एक वर्ष, चाचा."

"बस," म्हणाले, आणि इस्त्री काखेत मारून निघाले.