चार बोटं काच

तिला वारा हवा होता आणि मला गाडीची काच खाली करता आली नाही.

वर्ष झालं आज.

सुमनचं, माझ्या बायकोचं, वर्षश्राद्ध सकाळी उरकलं. पानं उठली, पाहुणे गेले. आणि आता काळ्या हातांनीच लिहायला बसलोय. हात काळे का, ते येईल पुढं. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची जुनी पांढरी गाडी निपाणीत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तंबाखूच्या वखारीतली नोकरी संपली तेव्हा सेकंडहँड घेतलेली. तिनं गॅरेज फार कमी बघितलं.
मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, पाना घ्यायचा आणि भिडायचं. शाळा थोडीच झाली माझी, पण स्क्रू ड्रायव्हर धरायला कुणी शिकवावं लागलं नाही.

सीटांचं काम मात्र सुमनचं.

वडगावच्या विणकरांची लेक ती. बापाच्या मागाशेजारी वाढलेली. फाटकी सीट बघून म्हणाली, "अवं, तुटकी सुतं सांधत मोठी झालीया मी. हे काय लई अवघड हाय व्हय?"
मी आत काथ्या भरला. तिनं दाभण घेऊन कव्हर शिवलं. जाड, निळ्या कापडाचं.

धागा जोडायची तिची एक गाठ होती. मागावर तुटलेलं सूत जोडतात ती. चपटी, बोटाला लागत नाही. गाठ मारली की शेपट्या दातानं तोडायची.
मला दहादा शिकवली. जमली नाही.
"तुमच्या बोटांत तंबाखूच भरलीया," म्हणायची.

काचा माझ्याकडं.

तिच्या बाजूची काच सारखी घसरून दाराच्या आत पडायची. पावसात संकेश्वरला निघालो की तिच्या अर्ध्या अंगाला अंघोळ.
तीनदा दाराचं आतलं कव्हर काढलं. तीनदा काच चिकटवली. तीनदा पडली.

चौथ्यांदा चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी काच धरून ठेवणाऱ्या क्लिपा आणायला बाजारात गेलो. परत येतो तर कव्हर बसवलेलं, काच वर.

"अगं, क्लिपा लावायच्या राहिल्या की!"
"कशाला? तुमचं कालचं काम चांगलं घट्ट बसलंय. आता ह्या दाराला हात लावायचा न्हाय."

आणि खरंच, काच परत पडली नाही.
फक्त चार बोटंच खाली यायची. मी म्हणायचो, फिटिंग टाइट आहे.

इथंच, ह्या ग्रुपवर, फोटो टाकला होता मी. 'घरच्या घरी काच दुरुस्ती, गॅरेजला रामराम.' तुम्ही सगळ्यांनी लाईक केलंत.
आल्यागेल्याला ती सांगायची, "ह्यांच्या हाताला गुण हाय बघा." आणि पदर तोंडाला लावायची.
मला वाटायचं, कौतुकानं.

गेल्या वर्षी तिला दम लागला. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, बेळगावला न्या. गाडी काढली.

तवंदी घाट चढताना म्हणाली, "जरा वारा..."

गाडी बाजूला घेतली. तिच्या अंगावरून वाकून हँडल फिरवलं. चार बोटं. आणखी जोर लावला. हँडल हातात आलं.

"आसू द्या," म्हणाली. "तुमच्या बाजूची उघडा."

आणि हसली.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

मी तिथल्या डॉक्टरांना काचेचं विचारलंसुद्धा.  ते हळू आवाजात म्हणाले, "काका, हृदयच थकलं होतं त्यांचं."

पण ते हसणं?
वर्षभर तेच डोक्यात. हसलीच होती, की दम लागून तोंड वाकडं झालेलं? की मनात म्हणाली असेल, ह्या माणसाच्या घरच्या दुरुस्त्यांनी जीव घेतला माझा?

त्या दाराला मी वर्षभर हात लावला नाही. दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही.

आज दुपारी लेकीला, रेखाला, बसस्टँडवर सोडायला निघालो. ती आईच्या सीटवर बसली.
"आप्पा, लई उकडतंय. काच आणखी खाली करा की."

गाडी बंद केली. उतरलो. स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दाराचं कव्हर काढलं.

आत, काचेच्या खाली, एक धोटा उभा होता.
मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळतो ना, तो लाकडी धोटा. तिच्या बापाचा. वरच्या टोकाला निळ्या कापडाची चिंधी, काचेला ओरखडा नको म्हणून. आणि हलू नये म्हणून दाराच्या पत्र्याला सुतानं करकचून बांधलेला.

माझं चिकटवलेलं कधीच सुटलं होतं. इतकी वर्षं काच आणि तिला वरखाली करणारी पट्टी, दोन्ही चार बोटं खाली आली की त्या धोट्यावर टेकायची, म्हणून काच आत पडत नव्हती.

रेखा वाकून बघत होती. म्हणाली, "ही आईची गाठ."

शेपट्या दातानं तोडलेल्या.

म्हणजे घाटात तिला ठाऊक होतं, काच कशानं अडलीय.
एक शब्द बोलली असती तर कव्हर उपटून धोटा काढला असता मी. दोन मिनिटांचं काम.
नाही बोलली. श्वास पुरत नव्हता, तरी माझी बढाई सांभाळत बसली.

ती हसलीच होती, हे आज कळलं. पण दुःख हलकं झालं नाही बघा. आता तिच्याशी भांडायचंय मला. लई भांडायचंय. आणि शेजारची सीट रिकामी.

रेखानं विचारलं, "सूत कापू, आप्पा? काचेचं नवं मशीन बसवून घेऊ."
"न्हाय."

कव्हर परत लावलं. हँडल बसवलं. हात ग्रीसनं काळे झाले. काच चार बोटंच खाली ठेवली. रस्त्याला लागल्यावर रेखाच्या कपाळावरचे केस तेवढ्या वाऱ्यानं उडत होते.

तिला सोडून घरी आलो आणि आधी तो जुना फोटो शोधला. काढून टाकला नाही. त्याच्याखाली लिहिलंय: हे काम माझं नव्हे, सुमनचं.

तुम्ही दिलेले सगळे लाईक तिचे.

सुमन, जा गं सुखानं. मी हात धुतो आता.