ज्याचं नाव परीनं घेतलं नाही

मैत्रिणींनो, धाकट्या बाळाला मांडीवर घेऊनच लिहितेय.

आज दिवेलागणीला उमापूरच्या घरी भाकरी थापत होते. दुसरीत जाणारी माझी परी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मम्मी, इंग्लिशमधी नाव घेतलं तर चालतं का?"

"कुणाचं गं?"

"आज्जी म्हणती ना, दिवे लागल्यावर ज्याचं नाव घेऊ न्हाई, त्याचं."

माझं ध्यान तव्यावर. "घे की," म्हणाले.

"स्नेक. बाळाच्या गोधडीपाशी हाय."

बाळाला कसं उचललं, मला आठवत नाही. सर्पमित्र आला आणि घोणस धरून घेऊन गेला. लई मोठी होती.

सासूबाई रडत परीला म्हणाल्या, "वरडली कावून न्हाईस गं?"

"तूच म्हणलीस, नाव घेतलं की ते जवळ येतं."

आम्ही लहानपणी संध्याकाळी सापाला 'लांबडं' म्हणायचो. परीला नाव घेऊ नको एवढंच सांगितलं, 'लांबडं' शिकवायचं राहूनच गेलं. तुमच्या लेकरांना येतो का हा शब्द? आजच सांगा.

कोणता शब्द चालेल, याचा विचार करत परी तिथं किती वेळ गप उभी होती, हे तिला विचारायची माझी हिंमत होत नाहीये.