इजिप्तचं प्रकरण

सत्तरच्या दशकात नागपुरात तत्त्वज्ञानात एम.ए. करून कोष्ट्याच्या पोराला मिळण्यासारखी नोकरी एकच होती, कॉलेजातली. आमच्या कॉलेजात जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी शब्द टाकणार होते माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक, धरमपेठेतले सर. तोंडी परीक्षेआधी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"इजिप्तचं प्रकरण मागे घेतो म्हणा. तत्त्वज्ञान ग्रीकांपासून सुरू होतं. त्याआधीच्या सगळ्या दंतकथा."

ते आत गेले. भिंतीला टेकलेला मित्र हसला. मोहल्ल्यातली पत्रकं मी लिहायचो, तो छापायचा.

"काहून गा, तोंड उतरलं? ते इजिप्तवाले नोकरी देऊन राहिले का तुले?" मग हळूच म्हणाला, "मागं हटला, तर पुढचं पत्रक तुह्यावरच काढतो."

मी वाचायला शिकलो तेच पत्रकांवर. आमचा नियम होता, चौकात ओरडून वाचता येत नाही ते वाक्य कापायचं. त्यामुळे 'कदाचित' आमच्याकडे कधी छापलंच गेलं नाही. प्रबंधही मी तसाच लिहिला होता.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "'ग्रीकांनी तत्त्वज्ञान इजिप्तकडून चोरलं.' पुरावा?"

नाईलच्या पुरानंतर शेतांच्या हद्दी पुन्हा मोजाव्या लागत, त्यातून भूमिती आली, असं ग्रीकांनीच लिहून ठेवलंय, मी म्हणालो. सगळं पाण्यातून आलं, असं पहिला ग्रीक तत्त्वज्ञ म्हणाला. इजिप्तचे पुरोहित ते कितीतरी आधीपासून सांगत होते.

"दोघंही पाणी म्हणाले, म्हणून एकानं दुसऱ्याचं उचललं?"

सर माझ्याकडे रोखून बघत होते. प्रकरण मागे घेतो म्हटलं असतं, तर सुटलो असतो.

"चोरलं म्हणायला पुरावा नाही. ते वाक्य काढतो," मी म्हणालो. "पण आपले विद्वान इजिप्तला जाऊन शिकले, हे ग्रीकच सांगतात. बाकी सगळ्यात त्यांचा शब्द आपण खरा धरतो. मग इथेच ती दंतकथा कशी? प्रकरण राहील."

सरांनी पेनाला टोपण लावलं. परीक्षकांनी त्या वाक्यावर रेघ मारली. "वाक्य बदलून आणा. बाकी चालेल."

बाहेर मित्रानं हात धरला. "पास?"

"पास."

"अन् नोकरी?"

तेवढ्यात सर बाहेर आले आणि माझ्या नमस्काराकडे न बघता जिना उतरून गेले.